धोंड्याआधीची जेवणं

सयाजी पास होणार की नाही हे कळायच्या आधीच त्याची निरोपाची जेवणं उरकली. दोष द्यायचाच तर तो पंचांगाला द्यावा लागेल.

त्या वर्षी, म्हणजे सन ऐंशी साली, ज्येष्ठ दोनदा आला. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. धोंड्यात जावयाला अनारसे घालावेत, दानधर्म करावा, देवाला जावं. पण लग्न, मुंज, वास्तुशांत, नवं असं काही करू नये. आता सयाजीच्या शाळेचा निकाल लागणार होता ऐन धोंड्यात, आणि शाळा उघडणार होती धोंडा संपल्या संपल्या. मग परगावी निघालेल्या पोराला भावकीनं जेवायला बोलवायचं कधी?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या चौगुल्यांच्या घरात हा प्रश्न काढला झुंबरबाईंनी. झुंबरबाई सयाजीची आजी. मूळच्या गडहिंग्लजकडच्या नेसरीच्या, आणि प्रश्न काढला की उत्तरही आपणच द्यायचं ही त्यांची लहानपणापासूनची रीत.

"धोंड्याच्या आदीच उरकायची," त्या म्हणाल्या. "केळवण काय लगीन झाल्यावर करत्यात व्हय?"

शाळा साधी नव्हती. सरकारची निवासी शाळा, लांब डोंगराच्या अंगाला. चौथीतल्या पोरांची परीक्षा घेऊन पाचवीला अख्ख्या जिल्ह्यातनं मूठभर पोरं उचलायची. उचललेलं पोर पुढं साहेब होतं अशी वदंता होती. अशा एका साहेबाचा मेहुणा सयाजीच्या बापाच्या, आकारामच्या, कारखान्यात कधीतरी येऊन गेला होता. त्याचा शर्ट पाहून आकारामनं सयाजीला परीक्षेला बसवायचं पक्कं केलं.

आकाराम शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मुकादम होता. आईचं म्हणणं त्याला लगेच पटलं, कारण त्याच्या धंद्याला ते धरून होतं.

"साचा आदी करत्यात, रस मागनं वततात," तो म्हणाला. "लोखंडाचा रस तयार झाल्यावर साचा करत बसला तर रस काय वंजळीत धरणार हाईसा?"

रस आलाच नाही तर साच्याचं काय करायचं, हे विचारायला हवं होतं. ते विचारण्यासारखं माणूस घरात एकच होतं, ते म्हणजे आकारामची बायको शालन. पण शालन गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्याला वेगळंच कारण होतं.

शालनला पोरगं पाठवायचं नव्हतं. नवससायास करून, सासूचे टोमणे वर्षानुवर्षं गिळून झालेलं एकुलतं एक पोर. दहा वर्षांचं. अजून रात्री झोपेत तिचा पदर मुठीत धरणारं. ते डोंगराच्या अंगाला कुणाच्या तरी घंटेवर उठणार, कुणाच्या तरी हातचं खाणार, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. पण पोराच्या कल्याणाच्या आड येणारी आई म्हणून पेठेत नाव व्हावं, हेही नको होतं. म्हणून ती रोज अंबाबाईच्या तसबिरीपुढं हात जोडायची. 'पोराला नापास कर' असं आईच्या तोंडानं देवीपुढं म्हणणं बरं दिसत नाही. ती एवढंच म्हणायची, "आई, तुला काय ते कळतंयच."

जेवणं सुरू झाली. भावकीत एका घरी जेवलं आणि दुसऱ्या घरी नाही, असं चालत नाही. त्यातनं वैरं होतात, आणि ती नातवंडांना पुरतात. त्यामुळं सयाजी सगळ्या चौगुल्यांकडं जेवला. कुठं पुरणपोळी, कुठं तांबडा-पांढरा रस्सा, एका घरी दोन्ही, कारण त्या घरातल्या दोन जावांचं एकमेकींशी पटत नव्हतं. प्रत्येक घरी पाटाभोवती रांगोळी, कपाळाला कुंकू, आणि वर टॉवेल नाहीतर तांब्या नाहीतर ताट. "जेव रं, तितं कोण घालणार हाय तुला?" असं म्हणून जो तो वाढायचा. पोरगं पोटाला तड लागेस्तोवर खायचं आणि कुणालाही नाही म्हणायचं नाही.

शेवटचं जेवण बनाबाईचं. बनाबाई शालनची चुलतजाऊ. मागं राहायचं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं ट्रंक दिली. नुसती नाही, पेंटरकडनं पांढऱ्या रंगात नाव घालून. 'सयाजी आकाराम चौगुले', आणि खाली जरा मोठ्या अक्षरात शाळेचं नाव. ट्रंक सोप्यात मध्यभागी मांडली गेली. येणारा-जाणारा ती वाचायचा, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते हात फिरवून बघायचे.

सयाजीनं त्या दिवसापासून एक नवं खूळ धरलं. सकाळी उठला की अंगावरची चादर घ्यायची, टोकाला टोक जुळवून घडी करायची, आणि जरा वाकडी झाली तर मोडून पुन्हा करायची. शालन चुलीपासनं बघायची. बिचारं धास्तावलंय, तिला वाटायचं.

परीक्षेची तयारी करून घेतली होती यज्ञेश्वर मास्तरांनी. मास्तर हाडाचे शिक्षक. आशावादी. आजवर त्यांनी ज्या ज्या पोराला शिकवलं, त्या प्रत्येकाबद्दल "हा चमकणार" असं सांगितलं होतं. एवढ्या पोरांबद्दल सांगितलं की त्यातली काही चमकायचीच.

निकाल शिक्षण खात्याच्या कचेरीबाहेर फळ्यावर लागला. आकाराम अर्धी रजा टाकून गेला. परत आला तेव्हा सायकल हातात धरून चालत आला, आणि ते दारातनंच बघून शालनला सगळं कळलं.

"न्हाय," तो म्हणाला.

"नीट बघितलंस का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"वरनं खाली बघितलं, खालनं वर बघितलं. मग एका पावण्याला बघाय लावलं."

"त्यो काय म्हणाला?"

"त्याच्या बी पोराचं न्हवतं."

झुंबरबाई मटकन ट्रंकेवर बसल्या. मग आपण कशावर बसलोय हे ध्यानात येऊन उठल्या. आकारामनं टोपी काढून खुंटीला लावली आणि मागल्या दारी जाऊन हातपाय धुतले, खूप वेळ धुतले. फौंड्रीत माल फुटला की तो तसाच हात धुतो.

शालन स्वयंपाकघरात गेली. तिच्या मनात काय होतं ते सांगायला लाजण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला होता. नवऱ्याचं उतरलेलं तोंड दिसत होतं, सासूची फजिती दिसत होती, आणि तरी आतनं कुणीतरी टाळ्या पिटत होतं. डब्यातनं तिनं चिमूटभर साखर काढली आणि अंबाबाईपुढं वाटीत ठेवली. हात जोडते न जोडते तोच मागनं पावलं वाजली.

सयाजी गल्लीतनं खेळून आला होता. त्यानं वाटी पाहिली. देवापुढं साखर कधी ठेवतात हे कोल्हापुरातल्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याचं तोंड असं काही फुललं की शालननं त्याचं ते रूप आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, झालो मी?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यानं साखरेची चिमूट तोंडात टाकली.

धरणीनं पोटात घ्यावं असं शालनला झालं.

"न्हाय रं," ती म्हणाली. "न्हाय आलं तुझं नाव."

"मग साखर?"

"ती... धोंड्याची हाय. धोंड्यात ठेवत्यात."

सयाजीनं एकदा वाटीकडं पाहिलं, एकदा आईकडं. देवापुढची साखर थुंकता येत नाही. तोंडातली त्यानं गिळली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. रडला नाही. शालनला वाटलं, बरं झालं, फार मनावर घेतलं नाही पोरानं. माणसाला जे सोयीचं असतं ते किती पटकन खरं वाटतं!

त्यानंतर घरात एक शब्द बंद झाला. नापास हा शब्द कुणी उच्चारेना. आकाराम म्हणायचा, "वशिला न्हवता." झुंबरबाई म्हणायच्या, "जागाच कमी काडल्या सरकारनं." यज्ञेश्वर मास्तर येऊन म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पेपर तपासणारा कमी पडला." आणि गल्लीत कुणी "कवा निघायचं?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एक, "पत्र यायचंय." सयाजीसमोर तर आणखी काळजी. त्याला कुणी काही बोलायचं नाही, विचारायचं नाही. बोलायची वेळ आलीच तर "खाल्लंस का?" एवढंच.

असे काही दिवस गेले आणि झुंबरबाईंना झोप लागेनाशी झाली.

"जेवणं अंगावर ऱ्हायलीत," एके सकाळी त्यांनी जाहीर केलं.

"म्हंजी?" आकारामनं विचारलं.

"म्हंजी काय म्हंजी! भावकीनं निरोप दिला, कुंकू लावलं, वटी भरल्यागत भरभरून दिलं. आनि जाणारा माणूस उंबऱ्यात बसून ऱ्हायला. निरोपाचं जेवण खाऊन जो जात न्हाय, त्याला मग भलत्याच वाटंनं जावं लागतं. माज्या म्हायेरात झालंय असं." कुणाचं झालं हे त्यांनी सांगितलं नाही, पण आवाज असा काढला की विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"मग टॉवेल, तांबे परत करू या," आकाराम म्हणाला.

"आहेर परत करतोस? भावकीच्या दारात? त्यापरीस इळा घिऊन माजी मान काप." त्यांनी श्वास घेतला. "पोराला जायालाच पायजे. नेसरीला धाडा, माज्या भावाकडं. पिराजी सांबाळंल. तितं पाचवीचा वर्ग हाय."

शालनची तव्यावरची भाकरी करपली. नेसरीची, गडहिंग्लजची पोरं शिकायला कोल्हापुरात येतात, खोल्या घेऊन राहतात, डबे खातात. आणि हिचं कोल्हापुरातलं पोरगं, कोल्हापुरात पाच-पन्नास शाळा असताना, शिकायला नेसरीला जाणार. का, तर पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणून! देवीनं एका हातानं दिलेलं सासू दुसऱ्या हातानं काढून घेत होती.

झुंबरबाईंशी समोरासमोर वाद घालून कुणी जिंकलेलं पेठेला माहीत नव्हतं. शालन शहाणी होती. ती म्हणाली, "आत्ती, तुमचं बराबर हाय. पर एकदा भटजींस्नी इचारू या की. धोंडा चाललाय."

नृसिंहभटजी दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंचांग उघडलं, मिटलं, आणि झुंबरबाईंकडं बघून पुन्हा उघडलं.

"निरोपाच्या जेवणाबद्दल शास्त्रात असं थेट..." त्यांनी सुरुवात केली.

"माज्या म्हायेरात झालंय," झुंबरबाई म्हणाल्या.

"तर मग असेल," भटजी म्हणाले.

तेव्हा शालननं पदर सावरला. "भटजी, येक इचारू? नवरीचं केळवण हुतं. ती सासरी जाती. मग मांडवपरतणीला माघारी येती का न्हाय?"

"येते."

"तवा केळवण वाया गेलं असं कोण म्हणतं का? जाणं झालं की झालं. माघारी यायचं न्हाय असं तर कुटं न्हाय?"

भटजींच्या तोंडावर सुटका झाल्याचं समाधान पसरलं. "तसं कुठंच नाही! वेस ओलांडली की निरोप पावला. आणि धोंड्यात देवाला जाणं तर फार पुण्याचं. जोतिबाला जा. मुलगा जाईल, आशीर्वाद घेईल, परत येईल."

झुंबरबाईंनी बराच विचार केला. "ट्रंक बी न्यावी लागंल," त्या शेवटी म्हणाल्या. "ट्रंकंसकट निरोप हाय त्यो."

शालन त्या दिवशी तरंगत घरी आली.

मग मंगळवार पेठेनं एक निरोप समारंभ पाहिला. सयाजी नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून उंबऱ्यावर उभा राहिला. बनाबाईनं ओवाळलं. आकारामनं ट्रंक खांद्यावर घेतली. आत टॉवेल, तांबे, ताटं, चादर, सगळा आहेर. गल्लीतली माणसं दारादारात उभी राहिली. पत्र आलं असणार असं अर्ध्यांना वाटलं. उरलेल्या अर्ध्यांना सगळं माहीत होतं, तरी त्यांनीही हात हलवले. एक म्हातारी तर रडली. कुटुंब जोतिबाच्या गाडीत बसलं, आणि सयाजी सबंध वाटभर त्या ट्रंकेवर हात ठेवून बसला.

वर पोचल्यावर झुंबरबाई दर्शनाच्या रांगेत शिरल्या. ट्रंक घेऊन रांगेत सोडेनात, म्हणून बाकीची तिघं पायऱ्यांच्या कडेला, गुलाल-खोबऱ्याच्या एका दुकानापाशी थांबली. दुकानदार मोकळाच होता. त्यानं ट्रंक वाचली.

"पावणं, ह्या शाळंला चाललंय व्हय पोरगं?"

आकारामला एकाएकी देवळाच्या शिखराकडं बघावंसं वाटलं. शालन काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच सयाजी म्हणाला, "व्हय. पाचवीला."

शालन त्याला गप्प करायला वळली आणि वळता वळता थांबली. त्याचं तोंड पुन्हा तसं फुललं होतं, त्या साखरेच्या दिवसासारखं.

"लई हुशार दिसतंय की!" दुकानदार म्हणाला. "तितं काय काय असतंय रं?"

आणि सयाजी सांगू लागला. एवढं बोलताना त्याला आईनंही कधी ऐकलं नव्हतं. लोखंडी कॉटा असतात, प्रत्येकाला वेगळी. सकाळी घंटा होते, घंटेला उठायचं, आणि चादरीची घडी टोकाला टोक लावून करायची, सर येऊन बघतात. एक घोडा आहे, त्याच्यावर पाळीपाळीनं बसवतात. पुस्तकांनी भरलेली एक खोली आहे, तिथं जाऊन आपलं आपण पुस्तक काढायचं, कुणी विचारत नाही. रात्री दिवे मालवायच्या आधी सगळी पोरं मिळून गाणं म्हणतात. हे त्यानं कुठनं, कुणाकडनं गोळा केलं होतं, देव जाणे.

"तुजी कॉट कुटली?" दुकानदारानं विचारलं.

"खिडकीकडची," सयाजी म्हणाला. "तितनं डोंगर दिसतोय."

दुकानदारानं खुशीनं खोबऱ्याची एक वाटी त्याच्या हातात ठेवली. "पोचल्यावर आईला पत्र टाकायचं बरं का."

"टाकतो."

आकाराम हातपाय धुवायला पाणी कुठं मिळतं ते बघायला निघून गेला. शालननं सयाजीचा हात धरला आणि त्याला पायरीवर आपल्याजवळ बसवलं.

"तुला जायाचं हुतं?"

"व्हय की."

"मग बोलला न्हाईस कवा?"

"कुणी इचारलंच न्हाई," सयाजी म्हणाला. "समदी जेव जेव म्हणत हुती."

शालनला वाटलं होतं, पोरगं भ्यालंय. भ्याली होती ती स्वतः. तो चादरीच्या घड्या घालत होता तेव्हा तो तिथं त्या खिडकीपाशी राहत होता. आणि त्याच वेळी ती देवीला सांगत होती, तुला काय ते कळतंयच. देवीला कळलं असेल नसेल, आईला मात्र कळलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"सयाजी," ती म्हणाली, "तुजं नाव आलं न्हाई तवा मला बरं वाटलं हुतं."

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

त्यानं हातातल्या खोबऱ्याकडं पाहिलं, ते ट्रंकेवर ठेवलं, आणि मग त्याला रडू फुटलं. निकाल लागल्यापासनं पहिल्यांदा. हुंदके देऊन, नाक वाहेस्तोवर, दहा वर्षांच्या पोरानं रडावं तसं. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. दुकानदार गडबडला. शालननं पोराला जवळ घेतलं, पण उगी उगी म्हणाली नाही.

तेवढ्यात झुंबरबाई कपाळभर गुलाल लावून, नारळ घेऊन खाली आल्या. निरोप पावला म्हणून त्या खुशीत होत्या.

"अगं, काय झालं पोराला? भूक लागली का? काय खातोस का रं?"

"नापास झालाय त्यो, आत्ती," शालन म्हणाली. "रडू दे त्याला."